गादी, बादली आणि गहाण घर

हॉस्टेलच्या अर्जात एक रकाना होता: ‘स्थानिक पालकाचे नाव, पत्ता व सही’. त्या रकान्यापाशी आमचं घोडं तीन दिवस अडलं. बाकी सगळं जमलं होतं. बारावीची गुणपत्रिका, टीसी, मायग्रेशन, रँगिंग करणार नाही असं शंभराच्या स्टँपवर दिलेलं प्रतिज्ञापत्र, फिक्या पार्श्वभूमीचे बारा फोटो, सगळ्याच्या झेरॉक्सचे पाच संच. पण परभणीच्या माणसाने अलीगढमध्ये आपला म्हणावा असा माणूस आणायचा कुठून?

मुलगी सतरा वर्षं दहा महिन्यांची आहे. तिला अलीगढला जायचं होतं, तिने परीक्षा दिली, नंबर लागला. आता पुढचं काम आमचं. तिच्या अम्मीने वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती: गादी, उशी, दोन चादरी, बादली, मग, दोरी, चिमटे, कुलूप, टॉर्च, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं. माझ्या यादीत एकच शब्द होता, पैसे. पहिल्या वर्षाची फी, मेसचे आगाऊ पैसे आणि तिघांचा प्रवास, यासाठी अम्मीच्या पाटल्या बँकेत ठेवायचं ठरलं. ते ऐकून माझे अब्बा बाजेवरून उठून बसले. म्हणाले, “सूद के पैसे से पढाई? बरकत रहती क्या उसमें?”

मी उत्तर दिलं नाही. एक्काहत्तर वर्षांच्या बापाशी व्याजावर वाद घालायची ती वेळ नव्हती. पण रात्री झोप लागेना म्हणून कपाटातून ‘हयात-ए-जावेद’ काढलं. मौलाना हाली यांनी लिहिलेलं सर सय्यद अहमद खान यांचं हे चरित्र 1901 साली छापलं गेलं. कॉलेजात असताना मी ते एका सुधारकाचं चरित्र म्हणून वाचलं होतं. त्या रात्री मात्र मी त्यात एका बापाला शोधत होतो, मुलाच्या प्रवेशासाठी पैसे जमवणाऱ्या.

सर सय्यद तेव्हा बनारसला न्यायखात्यात नोकरीला होते. वय एक्कावन्न. धाकटा मुलगा सय्यद महमूद याचा जन्म 24 मे 1850 चा, म्हणजे एकोणिसावं संपायला आलेलं. मुलगा हुशार होता आणि इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी त्याला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. ज्यांना शिष्यवृत्ती मिळते त्यांच्या घरी काय होतं हे ज्यांना मिळते त्यांनाच माहीत. अभिनंदन करायला येणाऱ्याला वाटतं, आता पैशांचा प्रश्न सुटला. घरातल्यांना त्याच दिवसापासून पैशांचा प्रश्न सुरू होतो. सर सय्यदांनी ठरवलं, मुलाबरोबर आपणही जायचं. त्यासाठी त्यांनी घर गहाण टाकलं, वर्षानुवर्षं जमवलेली पुस्तकं विकली आणि व्याजाने कर्ज काढलं. होय, व्याजाने. मी सकाळी अब्बांना हे पान वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “वो बडे लोग थे.” एवढंच. पण पाटल्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सर सय्यद बरोबर का गेले, याची मोठी कारणं चरित्रांमध्ये दिलेली असतात. विल्यम म्यूर यांनी पैगंबरांच्या चरित्रात जे लिहिलं होतं, त्याला उत्तर लिहिण्यासाठी लंडनची ग्रंथालयं पाहायची होती. इंग्रजांची विद्यापीठं कशी चालतात ते समजून घ्यायचं होतं. हे सगळं खरंच आहे. पण महमूदची आई 1861 मध्येच वारली होती आणि सर सय्यदांनी दुसरं लग्न केलं नव्हतं, हेही खरं आहे. ज्या घरात यादी करणारी आई नाही, तिथे बापालाच सामानाबरोबर जावं लागतं. थोरला मुलगा हामिद, मिर्झा खुदादाद बेग नावाचे एक तरुण स्नेही आणि छज्जू नावाचा नोकर, असं पाच जणांचं बिऱ्हाड निघालं. म्हणजे आमच्या अर्जातला तो रकाना सर सय्यदांनी स्वतःच जाऊन भरला. स्थानिक पालक लंडनला नव्हता, तर बनारसहून नेला.

1 एप्रिल 1869 ला ते बनारसहून निघाले. आज आमच्याकडून अलीगढला जायचं तर सचखंड एक्सप्रेसने मनमाड, भुसावळ, इटारसी करत दिल्ली गाठायची आणि तिथून पुढे. गाडीत बसलं की झालं. त्या वेळी जबलपूर ते इटारसी हा रेल्वेचा तुकडा अजून पूर्ण व्हायचा होता, तो 1870 मध्ये जोडला गेला. म्हणून ही मंडळी जबलपुरात रेल्वे सोडून डाकगाडीने नागपूरला आली, आणि नागपूरहून पुन्हा रेल्वेने मुंबईला. त्यांची गाडीही भुसावळ-मनमाडवरून, कसाऱ्याचा थळ घाट उतरून गेली. आमची सचखंड रात्री मनमाडला थांबली तेव्हा मी खाली उतरून चहा घेतला. फलाटावर उभं राहून मला उगाच वाटलं की त्या बापाने इथे खिडकीतून डोकं काढून मुलाला काही विचारलं असेल. पाणी भरून घेतलंस का, वगैरे.

मुंबईत मात्र परदेशी मुलगा पाठवणं ही तोवर अगदीच अनोळखी गोष्ट राहिली नव्हती. सुलेमानी बोहऱ्यांमध्ये तय्यबअली नावाचे व्यापारी होते. त्यांनी एका मागोमाग एक मुलगे विलायतेला पाठवले. त्यातले कमरुद्दीन 1858 मध्ये इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. 1860 मध्ये बद्रुद्दीन गेले, तेव्हा त्यांचं वय सोळाच्या आत होतं. हेच पुढचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी, काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष आणि अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक. बापाने शिक्षणाइतकाच डोळ्यांच्या उपचाराचाही विचार केला होता. तरी व्हायचं ते झालंच. अभ्यासाने मुलाची दृष्टी इतकी बिघडली की 1864 च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून त्याला घरी परतावं लागलं. घरच्यांनी लग्न लावून दिलं, वर्षभराने तो पुन्हा गेला आणि 1867 मध्ये बॅरिस्टर झाला. आजही परगावी शिकणाऱ्या मुलीशी फोनवर बोलताना अम्मी तिसऱ्या वाक्याला विचारते, “आँखें दुखते क्या?” ही काळजी कुठल्या काळातली आहे असं मला विचाराल तर सांगता येणार नाही.

10 एप्रिलला ‘बडोदा’ नावाच्या बोटीने सर सय्यद मुंबईहून निघाले. सुएझ कालवा त्याच वर्षी नोव्हेंबरात खुला व्हायचा होता. तेव्हा सुएझला उतरायचं, रेल्वेने अलेक्झांड्रियाला जायचं, पुन्हा बोट. 4 मे रोजी ते लंडनला पोचले.

निघताना आपल्याकडे सगळ्यात पहिला प्रश्न जेवणाचा निघतो. “खाना कैसा मिलता वहाँ?” हा प्रश्न मला आमच्या गल्लीत निदान चाळीस लोकांनी विचारला. अभ्यासक्रम कोणता, हे चौघांनी. सर सय्यदांच्या वेळी हा प्रश्न चेष्टेचा नव्हता, धर्मच पणाला लागायचा. इंग्रजांच्या टेबलावर बसून जेवलेला मुसलमान मुसलमान राहतो का, यावर फतवे निघत. सर सय्यदांनी 1868 मध्ये, म्हणजे निघण्याच्या आदल्याच वर्षी, अहले-किताबांबरोबर जेवण्याच्या नियमांवर एक पुस्तिकाच लिहिली आणि कुराण-हदीसच्या आधाराने ते जायज असल्याचं मांडलं. अभ्यासक तिला धर्मचिंतनाच्या खात्यात टाकतात. मी आता ती वेगळ्या नजरेने पाहतो. मुलगा कुठे जेवेल याची सोय लावल्याशिवाय त्याला पाठवता येत नाही, आणि कधी कधी ही सोय डबा लावून होत नाही, पुस्तिका लिहून करावी लागते.

लंडनमध्ये त्यांनी मेक्लेनबर्ग स्क्वेअरला 21 नंबरच्या घरात भाड्याने खोल्या घेतल्या. आज त्या घरावर त्यांच्या नावाची निळी पाटी आहे. महमूदचं नाव लिंकन्स इनमध्ये आणि केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात घातलं. बाप दिवसभर ग्रंथालयात बसून म्यूरना उत्तर लिहीत होता. ते 1870 मध्ये इंग्रजीत छापलं, तेव्हा पैशांनी तळ गाठला होता. घरी लिहिलं, माझी पुस्तकं, सामान, तांब्याची भांडीसुद्धा विका पण पैसे पाठवा. पैशांसाठी मुलाने बापाला लिहिलेली पत्रं पुष्कळ पाहिली आहेत. इथे मुलाला घेऊन गेलेला बापच घरी लिहितो आहे.

इथवर सर सय्यद मला फार जवळचे वाटत होते. पुढे मात्र एक गोष्ट आली आणि मी पुस्तक पालथं घातलं.

लंडनहून त्यांनी 1869 च्या ऑक्टोबरात देशी मित्रांना एक लांब पत्र लिहिलं. त्यात आपल्या लोकांना इतकं टाकून बोलले की आजही वाचताना कानशिलं तापतात. इंग्रजांपुढे आपण म्हणजे घाणेरडी जनावरं, असा त्याचा सूर. मोठा माणूसही परगावी गेल्यावर नव्या नवलाईने भारावतो, हे त्यातून दिसतं. पण त्याच पत्रात एक साधी गोष्ट आहे. त्यांच्या बिऱ्हाडी कामाला येणारी एक गरीब बाई अर्ध्या पेनीचं वर्तमानपत्र विकत घेते आणि काम उरकलं की वाचत बसते. सर सय्यदांना त्याचं इतकं नवल वाटलं की त्यांनी ते मुद्दाम लिहून कळवलं.

आणि मग 1882. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना तेच सर सय्यद सांगतात की मुसलमान पुरुष मोठ्या संख्येने शिकल्याशिवाय मुलींच्या शिक्षणाची समाधानकारक व्यवस्था होऊ शकत नाही. 1884 मध्ये पंजाबात गुरदासपूरला मुसलमान स्त्रियांनी त्यांना मानपत्र दिलं. त्यांनाही हेच सांगितलं: आधी मुलगे शिकू देत, तुमचं आपोआप होईल. लंडनची मोलकरीण पेपर वाचते याचं कौतुक आणि अलीगढच्या लेकीला ‘थांब जरा’.

त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, एका वेळी एकच लढाई लढता येते. मीही पूर्वी असंच म्हणायचो. पण माझी आपा, थोरली बहीण, दहावीला शाळेत पहिली आली होती. अब्बांनी मला औरंगाबादला पाठवायचं म्हणून तिला घरी बसवलं, कारण दोघांचा खर्च झेपणारा नव्हता. आधी मुलगा शिकेल, मग पाहू. ते ‘मग’ आलं नाही. आपा आज दोन नातवंडांची नानी आहे. अम्मीच्या वहीतल्या यादीत कुलूप आणि टॉर्च हे दोन शब्द तिने लिहिले आहेत, अक्षर ओळखू येतं. तेव्हा सर सय्यदांच्या त्या साक्षीकडे मला तटस्थपणे पाहता येत नाही, आणि पाहायचंही नाही.

मुलग्यांसाठी त्यांनी जे केलं ते मात्र अफाट होतं. 1870 मध्ये ते परतले. महमूद आणखी दोन वर्षं राहून 1872 मध्ये बॅरिस्टर होऊन आला आणि पुढच्याच वर्षी त्याने केंब्रिजच्या धर्तीवरच्या कॉलेजचा आराखडा मांडला. शाळा उघडली 24 मे 1875 ला. ती तारीख राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाची होती, तशी महमूदच्या पंचविसाव्या वाढदिवसाचीही. जानेवारी 1877 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची पायाभरणी झाली. या कॉलेजचा जीव वर्गात कमी आणि वसतिगृहात जास्त होता. लांबच्या घरांतले लोक मुलाला पाठवायला कशाकशाला भितात, याची जणू यादीच समोर ठेवून ते उभारलं होतं. नमाजचं काय? आवारात मशीद. शिया-सुन्नींचं काय? दोघांच्या दीनियातचे तास वेगळे. संगत? एकाच आवारात राहायचं, काळा तुर्की कोट आणि लाल तुर्की टोपी घालायची, म्हणजे मुलगा बाजारात भटकताना लांबूनच ओळखू यावा. ज्यांची ऐपत होती ते मुलाबरोबर घरचा नोकर पाठवत, छज्जूसारखाच. ‘पक्की बारक’ आणि ‘कच्ची बारक’ ही खोल्यांच्या रांगांची नावं. देणग्या देणाऱ्यांची नावं भिंतींवर कोरली आहेत आणि त्यात हिंदू नावंही आहेत. कॉलेजचे पहिले पदवीधर ईश्वरी प्रसाद हे हिंदूच होते. हे सगळं पाहून आलो. भिंतीवरची नावं वाचत हिंडताना ऊन डोक्यावर आलं होतं.

मुलींची सोय लावली ती वेगळ्याच एका जोडप्याने. शेख अब्दुल्ला हे पुंछचे. जन्माने हिंदू, तरुणपणी इस्लाम स्वीकारलेले, अलीगढ कॉलेजात शिकून तिथेच वकिली करणारे. बायको वहीद जहाँ बेगम. सर सय्यद 1898 मध्ये वारले. त्यांच्या हयातीत जे निघालं नाही ते या दोघांनी काढलं: 1904 मध्ये ‘खातून’ नावाचं मासिक आणि 1906 मध्ये भाड्याच्या घरात मुलींची शाळा. भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम यांनी मदत सुरू केली. इमारत, शिक्षिका, पुस्तकं यांच्याइतकाच अवघड प्रश्न होता की मुलगी घरून शाळेपर्यंत येणार कशी? तेव्हा पडदा लावलेल्या डोल्या ठेवल्या. कहार डोली उचलून दारापासून दारापर्यंत न्यायचे. शिक्षणाच्या इतिहासात डोलीवाल्यांवर कुणी प्रकरण लिहीत नाही. त्यांच्यामुळे शाळा चालली.

1914 मध्ये मुलींचं वसतिगृह उघडलं. आता नुसती डोली पुरणार नव्हती. रात्री मुलगी दुसऱ्याच्या छपराखाली झोपणार, हे आईबापांच्या गळी उतरवायचं होतं. भिंती उंच बांधल्या, पण भिंतीवर विश्वास ठेवून कोण मुलगी देतं? वहीद जहाँ बेगम स्वतः मुलींबरोबर वसतिगृहात राहायला गेल्या. पहिल्या मुली बहुतेक नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांतल्या. त्यांच्या खाण्यापिण्यापासून दुखण्याखुपण्यापर्यंत सगळं त्या जातीने पाहायच्या. मुली त्यांना ‘आला बी’ म्हणत, शेखसाहेबांना ‘पापा मियाँ’. त्याच शाळेचं पुढे विमेन्स कॉलेज झालं आणि तिथल्या वसतिगृहाला आज अब्दुल्ला हॉल म्हणतात.

वसतिगृह झालं म्हणून घरची दारं आपोआप उघडली असंही नाही. इस्मत चुगताईंनी आत्मकथनात लिहिलंय की अलीगढला पाठवा म्हणून त्यांनी घरात हट्ट धरला, आणि नाही पाठवलं तर पळून जाऊन मिशनरी शाळेत दाखल होईन, ख्रिश्चन होईन, अशी धमकी दिली. वडील मॅजिस्ट्रेट. त्यांनी पाठवलं. त्या मुलीने पुढे मुंबईत आयुष्य काढलं आणि उर्दू कथेचं रूप पालटून टाकलं. आमच्या मुलीने मला धमकी दिली नाही. तिच्या फुफूने, म्हणजे आपाने, दिली. म्हणाली, “भाई, इसको नहीं भेजे तो मैं तुम्हारे घर का पानी नहीं पियूंगी.”

आम्ही सकाळी पोचलो. रिक्षावर गादी आडवी टाकली होती, तिच्यावर बादली, बादलीत चटणीचा डबा. गेटवर चौकीदाराने सांगितलं, मर्द इथेच थांबतील. अम्मी आणि मुलगी आत गेल्या, गादी दोघींनी धरली होती. मी बाहेर कठड्यावर बसलो. माझ्याबरोबर आणखी सात-आठ बाप बसले होते. एक बिहारचे, एक आझमगढचे, एक केरळचे. कुणाच्या मांडीवर फाइल, कुणाच्या हातात दोरीचं उरलेलं बंडल. आझमगढवाल्यांना आमच्या अर्जातल्या त्या रिकाम्या रकान्याचं सांगितलं, तर त्यांनी आपल्या मामेभावाचा शहरातला पत्ता काढून दिला आणि फोन लावून त्याची परवानगीही घेतली. माझं नाव त्यांनी नंतर विचारलं.

दीड तासाने अम्मी एकटी बाहेर आली. डोळे लाल होते, पण आवाज कामाचा होता. खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकीला जाळी आहे, पंखा फिरतो, मेसची डाळ चाखून पाहिली, पातळ आहे पण गरम आहे. आणि मग ती हसायला लागली. परभणीच्या बाजारातून घासाघीस करून घेतलेलं ते कुलूप तिने कपाटाला लावलं, तेव्हा शेजारच्या पलंगावरच्या मुलीने त्यावरचा शिक्का वाचून दाखवला. कुलूप अलीगढचंच होतं.

त्याच्या दोन किल्ल्यांपैकी एक मुलीकडे आहे. दुसरी अम्मीने रुमालाच्या गाठीत बांधून परत आणली आणि स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली आहे. रात्री नऊला फोन येतो. अब्बा आता ऐकू कमी येतं म्हणून फोन स्पीकरवर टाकायला सांगतात, आणि पहिला प्रश्न तेच विचारतात: “बेटी, आज खाने में क्या था?”